परसातल्या चिंचेचा औद्योगिक तंटा

वाकोल्याच्या मॅथ्यू रोझारिओ यांच्या परसातली चिंच १९८४ सालच्या मार्चमधल्या एका दुपारी, वारा अजिबात नसताना, कुणालाही पूर्वसूचना न देता पडली. पडताना तिने कुणाला इजा केली नाही. घराची कौलं फोडली नाहीत, पलीकडच्या चाळीची भिंतही पाडली नाही. बसल्या जागी झोप अनावर झालेली म्हातारी कलंडावी तशी ती कलंडली, आणि तिच्या केसांचा सगळा पसारा परसातल्या विहिरीवर पडला.

विहीर झाकली गेली, हीच काय ती अडचण होती. मॅथ्यूच्या मुलीचं, विनीचं, लग्न एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठरलं होतं. गावठाणाची रीत अशी की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी काढून आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या पाण्याने न्हाल्याशिवाय नवरी चर्चची पायरी चढत नाही. नळाचं पाणी त्याला चालत नाही. शिवाय ते येतही नाही.

पण पडलेल्या चिंचेत मॅथ्यूच्या बायकोला, मॉनिकाला, अडचणीपेक्षा कृपाच जास्त दिसली. लग्नाचा स्वयंपाक घरी करायचा होता आणि जळण कुठून आणायचं हा घोर तिला लागला होता. रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढे रांग होती. गॅससाठी मॅथ्यूने नाव नोंदवलं तेव्हा विनी परकर नेसून शाळेत जात होती. आता तिचं लग्न निघालं तरी गॅस निघाला नव्हता.

"देवाने सरपण दारात आणून टाकलंय," मॉनिका म्हणाली. "फक्त फोडून दिलं नाही."

"ते मी फोडतो," मॅथ्यू म्हणाला. "माणूस लावायचा नाही. माझ्या आजाने लावलेलं झाड. परक्याची कुऱ्हाड नको त्याच्यावर."

"तू? पाव कापताना बोट कापलंस नाताळात."

"तो पाव होता. हे झाड आहे," मॅथ्यू म्हणाला. ह्यात नेमका काय मुद्दा होता हे त्यालाही माहीत नव्हतं, पण नवरा-बायकोत मुद्दा पुरेसा ठामपणे मांडला की तो मान्य होतो.

मॅथ्यू अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. सहीशिवाय त्याने कधी कुणाला खिळासुद्धा दिला नव्हता. त्यामुळे कुऱ्हाडीला धार लावण्याआधी तो झाडांच्या कचेरीत जाऊन आला. सांगायला आनंद वाटतो की परवानगी त्याला तिथल्या तिथे मिळाली. "पडलेल्या झाडाला आमची हरकत नसते," कारकून म्हणाला. "उभ्या झाडाला असते. ते पडेपर्यंत." परवानगीला एकच अट होती. काम मजुराच्या हिताची योग्य काळजी घेऊन करण्यात यावं. आणि ही अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी परवानगीची एक प्रत श्रमिक हितरक्षण कचेरीकडे रवाना झाली.

दुसऱ्या दिवशी मॅथ्यू रजा टाकून, हाफ पँट आणि बनियन घालून परसात उतरला. आजाची कुऱ्हाड त्याने आधी कपाळाला लावली, मग झाडाला. पहिला घाव घसरला. दुसरा रुतून बसला आणि तो काढण्यात अर्धा तास गेला. पण तिसऱ्या-चौथ्या घावाला साल उडाली, आतलं पांढरं लाकूड दिसलं, त्याच्याही आत काळंतांबूस काळीज दिसलं, आणि परसात असा आंबटगोड वास सुटला की पलीकडच्या चाळीतला धोंडू दार उघडून बाहेर आला.

धोंडू मालवणकडचा. संपात गिरणी बंद पडल्यापासून तो दिवसा घरी असे आणि रात्री एका गोदामावर राखण करी. त्याने थोडा वेळ नुसतं पाहिलं.

"मेल्या, तू झाड तोडतंस की त्याची हजामत करतंस?"

"तू कर मग."

"कुऱ्हाडीचा काम न्हय ह्या. बुंध्याक करवत होई. दोघांनी ओढूची. माझ्याकडे आसा गावची. हाडतंय."

तो करवत आणायला आत वळला, आणि त्याच वेळी पुढच्या दाराने श्रमिक हितरक्षण कचेरीचे निरीक्षक शरच्चंद्र टिपणीस परसात आले. टिपणीस मृदू बोलत. कायदा मोडणाऱ्याला तो मोडल्याचं ऐकून बरं वाटावं, असा त्यांचा आवाज होता.

"मालक कोण?"

"मी," मॅथ्यू म्हणाला.

"आणि इथे कामावर मजूर कोण आहे?"

"तो पण मीच."

टिपणीसांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ झाल्यावरही समोर एकच माणूस दिसत होता. पण एवढ्याने डगमगून खात्यात कुणी बढती मिळवत नाही.

"मजुराला मजुरी काय देता?"

"साहेब, स्वतःला काय मजुरी द्यायची?"

"म्हणजे देत नाही. मग राबतो कशावर?"

"कशावर म्हणजे? दोन वेळ जेवतो. इथंच झोपतो."

"जेवणावर," टिपणीस लिहीत म्हणाले. "राहतो मालकाच्याच घरात. आठवड्याची सुट्टी?"

"लग्न तोंडावर आलंय साहेब, सुट्टी कसली?"

"सुट्टी नाही. काम सोडून जायची मुभा आहे त्याला?"

मॅथ्यूने प्रामाणिकपणे विचार केला. "जाणार कुठे तो?"

टिपणीसांनी वही मिटली. "मिस्टर रोझारिओ, बिनमजुरी, जेवणावर, सुट्टीशिवाय, मालकाच्या घरात, सुटकेची आशा नसलेला माणूस. याला कायद्यात वेठबिगार म्हणतात. हा फार गंभीर गुन्हा आहे."

"अरे देवा," स्वयंपाकघरातून मॉनिकाचा आवाज आला. "कुणाला पकडून आणलंय ह्याने?"

टिपणीस निर्दय नव्हते. मॅथ्यूला तुरुंगात घातलं तर मजुराचेही हाल होतील, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी मालकाला ताकीद देऊन सोडलं आणि मजुराला त्याचे हक्क समजावून सांगितले. यापुढे मजुराला मजुरी मिळेल. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, हातमोजे आणि प्यायच्या पाण्याचा माठ मिळेल. मालकाने देखरेख करावी, पण मजुराच्या अंगावर ओरडू नये. यातलं काहीही चुकलं तर कुऱ्हाड जप्त आणि परवानगी रद्द.

परवानगी रद्द म्हणजे विहीर बंद. मॅथ्यूने सगळं कबूल केलं.

व्यवस्था अशी ठरली. सकाळी मजूर मॅथ्यू बनियनवर कामाला लागे. थोड्या वेळाने देखरेखीची वेळ झाली की तो कुऱ्हाड खाली ठेवी, हात धुई, पँट-शर्ट चढवी आणि मालक मॅथ्यू होऊन मागच्या ओट्यावर येई. तिथून तो काम कसं चाललंय ते पाही. काम कधीच चाललेलं नसे. कुऱ्हाड पडलेली, माठावरचा पेला उपडा, आणि मजूर जागेवर नाही.

पहिल्या दिवशी मॅथ्यूला याचं हसू आलं. दुसऱ्या दिवशी तो नुसता पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "हल्ली मजूर काम करत नाहीत, मॉनिका. जरा पाठ वळली की गायब."

"पाठ कुणाची वळते?" मॉनिकाने विचारलं.

"माझीच. तेच तर सांगतोय."

सायंकाळी तो मजूर म्हणून ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला तेव्हा मात्र त्याला वेगळंच सुचू लागलं. दिवसभर उन्हात घाम गाळायचा आपण, आणि हा इस्त्रीचा शर्ट घालून वरून बघणार. एक शब्द गोड बोलायचा नाही. मजुरी मॅथ्यूच्या उजव्या खिशातून निघून डाव्या खिशात जाई. पण देताना उजवा हात जड होई आणि घेताना डाव्याला ती कमी वाटे. माणसाचं हे असंच आहे. एका हाताचं दुसऱ्या हाताला पटत नाही, आणि टाळी मात्र दोघांनी मिळून वाजवावी लागते.

अशा वातावरणात नेता जन्माला येतो. इथे तो रिक्षाने आला. कुंडलिकभाऊ हे उपनगर लाकूडतोड कामगार संघाचे संस्थापक, अध्यक्ष आणि सभासद होते. मॅथ्यू सामील होताच संघाची ताकद एकदम दुप्पट झाली, आणि दुप्पट झालेली ताकद नुसती घरी ठेवून चालत नाही.

"तुझी मागणी काय?" त्यांनी मजूर मॅथ्यूला विचारलं.

"मागणी काही नाही भाऊ. विहिरीवरच्या फांद्या निघाल्या पाहिजेत. पोरीचं लग्न आहे."

"ती मालकाची मागणी झाली. तुझी सांग."

मॅथ्यूला सांगता येईना. भाऊंनी सांगितली. चिंचेच्या लाकडात गाठी असतात म्हणून गाठभत्ता. चिंचेखाली भूत असतं असा समज असल्यामुळे धोकाभत्ता. आणि लग्नाच्या जेवणात मजुराला मालकाच्याच पंगतीचं पान.

मागण्या ऐकून मालक मॅथ्यूचा पारा चढला. "एकही देणार नाही," तो ओट्यावरून म्हणाला. "आजवर माझ्या मिठावर जगलास ते विसरलास?"

मग तो पायऱ्या उतरून खाली आला आणि ते ऐकून त्याला फार लागलं.

त्याच दुपारी संप झाला. चिंचेच्या बुंध्यात लाल झेंडा खोचला गेला. धोंडूला यातलं काही माहीत नव्हतं. तो रात्रपाळी करून झोपून उठला आणि इतक्या दिवसांत धार लावून घेतलेली करवत खांद्यावर टाकून आला. लांब पात्याची, दोन्ही टोकांना लाकडी मुठी असलेली ती करवत त्याने बुंध्यावर टेकवली.

"चल मॅथ्यू, धर तकडची मूठ."

"धोंडूदादा," कुंडलिकभाऊ हळूच म्हणाले, "इथे संप चालू आहे. तुम्ही संप फोडणार?"

धोंडूने मूठ सोडली. निखाऱ्यावर हात पडावा तशी सोडली. करवत बुंध्यावरून घसरली आणि मातीत पडून कितीतरी वेळ थरथरत, गुणगुणत राहिली.

"गिरण गेली, ता सोसलंय," तो म्हणाला. "घरातला सोना गेला. पण ह्यो शब्द माका नको."

तो मॅथ्यूजवळ येऊन खालच्या पायरीवर बसला. मघाचं सगळं हसू त्याच्या तोंडावरून पुसून गेलं होतं. "मॅथ्यू, एक सांगतंय. मालकासमोर मान खाली घालू नको. एकदा खाली गेली की मगे वर येणा नाय."

"पण धोंडू, मालक मीच आहे ना रे."

"सगळे मालक असाच म्हणतत," धोंडू म्हणाला. "आम्ही तुमचेच आसंव म्हणतत."

यानंतर बोलणी सुरू झाली. ती बाहेरच्या खोलीत होत. एका बाजूला मालकाची खुर्ची, दुसऱ्या बाजूला मजुराचा बाक, मधे कुंडलिकभाऊ, आणि तटस्थ निरीक्षक म्हणून टिपणीस साहेब. धोंडू दाराशी उकिडवा बसे आणि मजुराचा मुद्दा आला की मान हलवी. मॅथ्यू खुर्चीवर बसून प्रस्ताव मांडी, उठून बाकावर जाई आणि तो फेटाळी. काही प्रस्ताव तर खुर्ची आणि बाक यांच्या मधल्या चार पावलांतच त्याला अपमानास्पद वाटू लागत. एकदा उभ्याउभ्याच त्याने दोघांची बाजू घेतली, तर टिपणीसांनी त्याला खाली बसवलं. कुठे, हा प्रश्न निघाला, आणि त्यावर ती सकाळ गेली.

बाहेरून लाकूडतोड्या बोलावून प्रश्न मिटवावा, असं मालक मॅथ्यूच्या मनात येऊन गेलं. आजाच्या झाडाला परका हात नको, ही भावना आता पातळ झाली होती. पण बाहेरचा माणूस आणणं म्हणजे संप मोडून काढणं, आणि तसं झालं तर विहिरीत उडी घेऊ, असं मजूर मॅथ्यूने जाहीर केलं. विहीर झाकलेली असल्यामुळे ही धमकी पोकळ आहे, असं मालक म्हणाला. यावर भाऊंनी सभात्याग केला. ते परत येईपर्यंत ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होऊन गेला.

विनी अंधेरीला टायपिस्ट होती. ती संध्याकाळी घरी आली की चपला हातात घेऊन, बैठकीच्या कडेकडेने, भिंतीला खेटून आत जाई. एकदा ती दारात थांबली.

"पप्पा, माझं लग्न आधी की तुझा संप?"

"बाळा, तत्त्वाचा प्रश्न आहे," मॅथ्यू म्हणाला.

"कुणाच्या बाजूचं तत्त्व?"

"दोन्ही."

विनी आत गेली. थोड्या वेळाने मॉनिकाने तिला विचारलं, तर ती म्हणाली की डोळ्यात काही गेलंय. कांदा कापलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॉनिका परसात येऊन उभी राहिली. विहिरीवरच्या फांद्यांची पानं सुकून गळाली होती आणि त्यांतून खालचं पाणी दिसत होतं. त्या पाण्याने ती स्वतः न्हाली होती, तिची सासू न्हाली होती. धोंडूची बायको मालन धुणं वाळत घालायला बाहेर आली होती. तिने पिळा खांद्यावर टाकला आणि ती मॉनिकाच्या शेजारी उभी राहिली.

"ह्यांचा काय संपणा नाय गो," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचा तर अजून मनातला संपूक नाय."

"मग मी काय करू? पोरीला नळाखाली उभी करू?"

मालनने पदर खोचला. मातीत पडलेली करवत उचलली, पुसली, आणि एक मूठ मॉनिकाकडे केली.

"जात्याक दोघी लागतत. हिकाव दोघीच लागतत. फरक काय? ढकलूचा नाय. आपली पाळी इली की ओढूचा, तिची इली की सोडूचा."

पहिल्यांदा पातं अडकलं, वाकलं, किंचाळलं. मग दोघींचे श्वास जुळले. भुसा उडू लागला, तांबूस, जात्यातून पडणाऱ्या नाचणीच्या पिठासारखा. मालनच्या तोंडून आपोआप ओवी आली, कारण हात असे मागेपुढे होऊ लागले की बाईचं तोंड गप्प राहत नाही.

करवत ओढू बाई । तुझी ओढ, माझी ओढ
आंबट चिंचेचं गं । सरपण होऊ दे गोड

मॉनिकाला ओव्या येत नव्हत्या. तिला उंबराच्या पाण्याची गाणी येत होती. पण चाल जवळची निघाली, आणि दुसऱ्या दिवशी तीही जोडू लागली.

करवतीच्या दोन मुठी । एक तुझी, एक माझी
बाप्यांच्या बैठकीला । चहाची फेरी ताजी

फेरी खरोखरच ताजी असे. स्वयंपाक, धुणं, रेशनची रांग आणि बैठकीचा चहा आटोपला की दोघी दुपारी परसात येत. कोयत्याने फांद्या सोलत, कुऱ्हाडीने फाटी फोडत, बुंध्याला पाचरी ठोकत. गावठाणातल्या आणखी दोघीतिघी येऊ लागल्या. फोडलेलं लाकूड उन्हात पसरलं जाई, वाळलेलं भिंतीशी रचलं जाई. कुणी कुणाला कामावर ठेवलं नव्हतं, त्यामुळे कुणाचं अडलं नाही.

एकदा बाहेरच्या खोलीतून कुंडलिकभाऊ आत डोकावले.

"वहिनी, तो घरघर आवाज जरा कमी करता का? गाठभत्त्यावर आलोय आम्ही."

"करते हं," मॉनिका म्हणाली आणि पात्याला थोडं खोबरेल तेल लावून आली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ऐतिहासिक समझोता झाला. गाठभत्ता मान्य झाला. भूत ही व्याख्या निश्चित होईपर्यंत धोकाभत्ता राखून ठेवण्यात आला. मजुराला मालकाच्या पंगतीत, पण शेवटचं पान मिळणार होतं. दोन हार मागवले होते. ते दोन्ही मॅथ्यूच्या गळ्यात पडले. मालकाने मजुराचा हात हातात घेतला, म्हणजे मॅथ्यूने आपलेच हात जोडले. धोंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या संपात हा दिवस कधी उगवला नव्हता.

"आता काम सुरू!" भाऊ गरजले. "बघता बघता झाड तोडून विहीर मोकळी करायची!"

सगळे घोषणा देत परसात आले. मॅथ्यूच्या हातात कुऱ्हाड होती, गळ्यात हार होते.

परसात झाड नव्हतं.

भिंतीशी खिडकीच्या उंचीपर्यंत फाटी रचली होती, गोणीत ढलप्या भरल्या होत्या. शेणाने सारवलेल्या अंगणात मांडवाचे खांब उभे होते. विहिरीचा कठडा धुऊन चुन्याने पांढरा केला होता. वरच्या रहाटाला नवा दोर होता आणि खाली, कित्येक आठवड्यांनी, एक संपूर्ण आभाळ होतं. तीन दगडांच्या चुलींवर मोठाले टोप चढले होते आणि चुलीत चिंच जळत होती.

कुऱ्हाड मॅथ्यूच्या हातून खाली आली. त्याच्यातला मालक म्हणाला, माझं लाकूड चोरलं. त्याच्यातला मजूर म्हणाला, माझं काम हिरावलं. गेल्या दीड महिन्यात दोघं पहिल्यांदाच एकमताने बोलले.

"हे कुणी केलं?" कुंडलिकभाऊ ओरडले. "संपाच्या काळात? कोण आहेत हे लोक? कोणत्या संघाचे?"

चुलीपाशी बसलेल्या बायकांनी वर पाहिलं. मॉनिकाच्या तळहाताला चिंधी बांधलेली होती.

"आम्ही केलं," ती म्हणाली.

टिपणीस साहेब पुढे आले. त्यांचा आवाज कधी नव्हता इतका मृदू झाला होता. मोठं प्रकरण असलं की तो होई.

"आम्ही म्हणजे?"

"मी, मालन, शेजारच्या."

"मजुरी ठरली होती?"

मॉनिकाने मालनकडे पाहिलं. मालनला हसू आवरेना. "कसली मजुरी ओ?"

"म्हणजे बिनमजुरी. जेवणखाण?"

"जेवतो ना. सगळ्यांचं झाल्यावर."

"आठवड्याची सुट्टी?"

आता सगळ्याच हसू लागल्या. एकीच्या हातातली पळी टोपात पडली.

"राहायला कुठे?"

"मालकाच्याच घरात," मॉनिका म्हणाली. मग तिने हसणं थांबवलं आणि चिंधीचा हात जरा वर केला. "साहेब, तुम्ही पहिल्या दिवशी एक शब्द सांगितला होता मॅथ्यूला. बिनमजुरी, जेवणावर, सुट्टी नाही, सोडून जायची सोय नाही. काय हो तो शब्द?"

चुलीत एक गाठ तडतडली. कुंडलिकभाऊंनी टिपणीसांकडे पाहिलं, टिपणीसांनी मॅथ्यूकडे, आणि मॅथ्यूने, खुर्ची आणि बाक दोन्ही आत राहिल्यामुळे, जमिनीकडे.

"तुम्ही यांच्या कोण?" टिपणीसांनी शेवटी विचारलं.

"बायको."

टिपणीसांचा चेहरा उजळला. सगळं परस उजळलं. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! हे घरकाम झालं. घरकामाला काम म्हणत नाहीत. आणि तो शब्द, ताई, कामगारांसाठी आहे." त्यांनी आपल्या कागदावर नोंद केली: जागेवर एकही कामगार आढळला नाही, झाड आपोआप निघाले आहे. "कुणाचीच चूक नाही. उत्तम झालं."

"हा संघटनेचा विजय आहे," भाऊ म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. धोंडूही वाजवू लागला होता, पण मालन त्याच्याकडे बघत होती. त्याने हात खाली घेतले, आणि कुणी न सांगता जाऊन एका चुलीत लाकूड सारलं. तिथून तो उठला नाही. लोकांना वाटलं, त्याला रात्रपाळीची झोप येत असावी.

संध्याकाळी मातीच्या मडक्याचं घुमट वाजू लागलं. बायका गात गात विहिरीवर गेल्या. विनीने पहिली कळशी ओढली, आणि पाण्यात पडलेलं आभाळ हललं, तुटलं, पुन्हा जुळलं. पाणी घेऊन येताना मॉनिकाच्या डोक्यावरची घागर किंचित सांडत होती. तिने घागर तळहाताने न धरता मनगटाने धरली होती. कुणी विचारलं नाही.

रविवारी पंगती बसल्या. डुकराचं मटण चिंचेच्या धगीवर असं मुरलं होतं की टिपणीस साहेबांनी तीनदा घेतलं. कुंडलिकभाऊंनी आपल्या भाषणात लाकडाच्या चुलीच्या चवीचं कौतुक केलं आणि ती आता कशी नाहीशी होत चालली आहे याबद्दल समाजाला दोष दिला. ठरल्याप्रमाणे मजूर मॅथ्यूला शेवटचं पान वाढलं गेलं. मालक मॅथ्यू आधीच जेवला असल्यामुळे त्याला ते संपवता आलं नाही. समझोत्याचं मात्र पालन झालं. बायका चौथ्या पंगतीनंतर, टोपात जे खरवडून निघालं, ते चुलीपाशीच बसून जेवल्या.

एकंदरीत प्रकरण समाधानकारकरीत्या मिटलं आहे. तरीही वाचकांपैकी कुणाला या निकालाबद्दल काही म्हणायचं असेल, तर त्यांनी ते सावकाश, जेवण आटोपल्यावर म्हणावं. ताट उचलायची तसदी घेऊ नये. ते उचललं जातं.